स्तनाच्या पुनर्रचनेचा क्लेम आणि कारखान्याची ग्रुप पॉलिसी: सोलापुरातलं एक प्रकरण

मी सोलापुरात मेडिक्लेमची कामं बघते. कॅन्सरमुळे काढलेला स्तन पुन्हा घडवण्याचा, म्हणजे पुनर्रचनेचा, खर्च द्यायला दुसऱ्यांदा नकार मिळाल्यावर हे प्रकरण माझ्याकडे आलं. संबंधित बाईंची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रुग्णालय, विमा कंपनी, कारखाना यांची नावं दिलेली नाहीत. बाईंना इथे नुसतं ‘ताई’ म्हणते.

पार्श्वभूमी

ताई चाळिशी ओलांडलेल्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब खात्यात नोकरी. नवऱ्याचं जुळे सोलापुरात किराणा दुकान, घरात सासूबाई आणि दोन मुलं. कारखान्याने सगळ्या कामगारांसाठी काढलेल्या ग्रुप मेडिक्लेममध्ये कुटुंबाला 5 लाखांचं कव्हर होतं.

डाव्या स्तनात गाठ निघाली. सोलापुरातच ऑपरेशन झालं: पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. मग केमो, मग लाईट, म्हणजे रेडिएशन. आपल्या जिल्ह्याला कॅन्सरचे उपचार नवीन नाहीत. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय कित्येक वर्षं चालू आहे आणि देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 मध्ये बार्शीतच सुरू झाली. ताईंचे हे सगळे उपचार कॅशलेस झाले, विमा कंपनीने काही खुसपट काढलं नाही. पुढच्या भांडणात हीच गोष्ट सगळ्यात कामी आली.

उपचार संपले, ताई कामावर रुजू झाल्या. बाहेरून लावायचा सिलिकॉनचा स्तन मिळतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कारखान्यात टॉवेलच्या कापलेल्या कडा ढिगाने पडलेल्या असतात. त्यातला एक तुकडा घेऊन त्यांनी त्याची घडी घातली, चारही बाजूंनी शिवली आणि अंतर्वस्त्राच्या आत खिसा करून त्यात बसवली. मे महिन्यात घामाने ती घडी जड व्हायची, दुपारपर्यंत वर सरकायची. एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला नुसती घडी, त्यामुळे खांदा वाकडा धरायची सवय लागली, मान आणि पाठ दुखायला लागली. हाताला सूज होती ती वेगळीच. काखेतल्या गाठी काढल्यावर, त्यात रेडिएशन झालेलं असलं की अशी सूज येऊ शकते.

तपासणीच्या एका फेरीत डॉक्टरांनी पुनर्रचनेचा विषय काढला आणि पुण्यातल्या प्लास्टिक सर्जनचं नाव दिलं. सासूबाईंचं म्हणणं, “पदराखाली कुणाला काय दिसतंय? आता या वयात कशाला परत चिरफाड?” ताईंचं उत्तर मला त्यांच्या नवऱ्याकडून कळलं: “आई, पदर तुम्हाला दिसतो. घडी मला टोचते.”

अडचण

पुण्याच्या सर्जनने पोटाची कातडी आणि चरबी वापरून स्तन घडवण्याची शस्त्रक्रिया सुचवली. तिला डीप फ्लॅप म्हणतात. पोटाचा स्नायू जागेवर राहतो, चरबीचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढून छातीतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. ऑपरेशन कित्येक तासांचं. स्वस्तातला मार्ग सिलिकॉन इम्प्लांटचा होता, पण रेडिएशन झालेल्या जागी इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळून कडक होण्याचा आणि जखम न भरण्याचा धोका वाढतो. सर्जनने तो टाळायला सांगितलं.

रुग्णालयाच्या इन्शुरन्स डेस्कने कॅशलेससाठी प्री-ऑथ फॉर्म, म्हणजे आधी मंजुरी मागणारा अर्ज, पाठवला. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, नकार आला: ही कॉस्मेटिक सर्जरी आहे, पॉलिसीच्या अपवर्जनात, म्हणजे ज्यांचा खर्च मिळत नाही त्या गोष्टींत, बसते.

आता हे अपवर्जन मुळात काय म्हणतं ते बघू. आयआरडीएआय या विमा नियामकाने 2019 साली आरोग्य विम्यातल्या नेहमीच्या अपवर्जनांची शब्दरचना सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली. त्यातलं आठव्या क्रमांकाचं कलम कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचं. रूप बदलण्यासाठी केलेल्या उपचारांचा खर्च मिळणार नाही, असं ते सांगतं आणि त्याच वाक्यात अपवाद देतं: अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना असेल तर मिळेल. त्यापुढे आणखी एक अपवाद आहे, तो तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असेल तेव्हाचा, आणि त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं.

म्हणजे ताईंचं ऑपरेशन कलमात नाव घेऊन मान्य केलेलं होतं. तरी नकार का? मी प्री-ऑथची प्रत मागवली. निदानाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘ब्रेस्ट डिफॉर्मिटी’. नियोजित उपचाराच्या रकान्यात ‘ब्रेस्ट रिकन्स्ट्रक्शन’. पूर्वेतिहासाचा रकाना कोरा. कॅन्सर हा शब्द त्या दोन पानांत कुठेही नव्हता. टीपीएत बसलेल्या माणसाने दिवसभर असे फॉर्म बघायचे, त्याला ही बाई कोण, तिचं आधी काय झालंय हे कळायला काही मार्गच नव्हता. मागच्या वर्षीचा क्लेम त्याच कंपनीने दिला होता हे खरं, पण तो वेगळ्या पॉलिसी वर्षातला, वेगळ्या रुग्णालयातला. या दोन फायली कुणी आपणहून शेजारी ठेवत नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट आणि जुनं डिस्चार्ज कार्ड जोडून फॉर्म परत पाठवला गेला. तेव्हाही नकारच आला, फक्त कारण बदललं: ‘तातडीचा धोका नाही, प्रमाणपत्र नाही.’ हे उत्तर सरळ चुकीचं होतं. तातडीच्या धोक्याची अट दुसऱ्या अपवादाला आहे, कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेला नाही.

समोर असलेले पर्याय

ऑपरेशनची तारीख जवळ आली होती. ताईंच्या घरी बसून आम्ही पर्याय मांडले.

पुढे ढकलायचं, हा सगळ्यात सोपा पर्याय. वैद्यकीयदृष्ट्या घाई नव्हती. पण पॉलिसीचं नूतनीकरण 1 एप्रिलला, आणि नव्या वर्षी कंपनी, टीपीए, अटी यातलं काय बदलेल ते कुणाच्या हातात नव्हतं. ग्रुप पॉलिसी दर वर्षी नव्याने ठरते. आज हातात असलेलं कलम उद्या असेलच असं धरून चालता येत नाही.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा विचार केला. 2024 पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे आणि कव्हर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं आहे. पण योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर आणि अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयांत चालते. ताईंचं पुण्याचं रुग्णालय तिच्यात नव्हतं, सर्जन बदलायची त्यांची तयारी नव्हती. हा पर्याय तिथेच मिटला. कुणाकडे सर्जन ठरलेला नसेल तर मात्र आधी अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठावं.

पाठीचा स्नायू वापरून करायची शस्त्रक्रिया थोडी स्वस्त पडली असती. सर्जनशी बोलून तोही विचार सोडला. कारण वैद्यकीयच होतं, त्यात पैशाचा भाग कमी होता.

उरले दोन. एक, खिशातून भरायचं आणि नंतर रिइम्बर्समेंटसाठी भांडायचं. दोन, कारखान्याच्या एचआरला मध्ये घालून विमा कंपनीवर दबाव आणायचा. ग्रुप पॉलिसीत ग्राहक कारखाना असतो. त्याने ब्रोकरला, म्हणजे पॉलिसी मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला, एक फोन केला तरी नकार फिरतो, हा माझा अनुभव.

पण ताई दुसऱ्या पर्यायाला ठाम नाही म्हणाल्या. एचआरमधले साहेब त्यांच्या शेजारच्या केबिनमध्ये बसतात. “कॅन्सर झाला तेव्हा सगळे भेटायला आले, ते चाललं. हे ऑपरेशन कसलं आहे ते मी शिपायापर्यंत जाऊ देणार नाही,” असं त्या म्हणाल्या. नवरा थोडा वैतागला, लाखोंचा प्रश्न होता. मला मात्र त्यांचं पटलं. क्लेमच्या कामात आम्ही लोक रुग्णाची फाईल दहा टेबलांवरून फिरवतो आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटेनासं होतं.

काय केलं

पतसंस्थेत सोनं तारण ठेवून पैसे उभे केले. भरती होण्याआधी टीपीएला ईमेलने रीतसर सूचना दिली, म्हणजे नंतर ‘कळवलं नाही’ म्हणायला जागा राहू नये. ऑपरेशन झालं, ठीक पार पडलं. क्लेमचा गठ्ठा करताना सर्जनकडून एक पानी पत्र घेतलं. त्यात तीनच गोष्टी होत्या: कॅन्सरचं निदान आणि आधीच्या ऑपरेशनची तारीख, रेडिएशन झाल्यामुळे पुनर्रचना नंतर करावी लागली हे कारण, आणि ही शस्त्रक्रिया त्या कॅन्सर उपचाराचाच पुढचा टप्पा आहे हे विधान. आधीच्या मान्य क्लेमचा क्रमांकही पहिल्याच पानावर लिहिला.

नकार आला. पुन्हा तेच कलम.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. त्यात रागाचा एक शब्दही ठेवला नाही. कलम आठ जसंच्या तसं उतरवलं, कॅन्सरचा अपवाद अधोरेखित केला आणि दोन प्रश्न विचारले. मे 2024 च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकानुसार कुठलाही क्लेम नाकारण्याआधी कंपनीच्या दाव्यांच्या पुनरावलोकन समितीची मान्यता लागते. ती या प्रकरणात घेतली होती का? आणि पॉलिसीच्या नेमक्या कुठल्या शब्दांमुळे कॅन्सरनंतरची पुनर्रचना वगळली जाते? दोन्ही प्रश्नांना बगल देणारं उत्तर आलं, छापील मजकुराचं.

पुढची पायरी विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. सोलापूर पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतं. कंपनीने नकार दिल्यावर, किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही तर, एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. फी नाही, वकील चालत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. ग्रुप पॉलिसीतला सदस्य स्वतःच्या नावाने तक्रार करू शकतो, मालकाची सही लागत नाही. ताईंच्या दृष्टीने हेच मोलाचं होतं.

सुनावणी लागण्याआधीच कंपनीचा फोन आला. प्रकरण ‘पुन्हा पाहिलं’ आहे, तडजोडीला तयार आहोत. बहुतेक वेळा असंच होतं. लोकपालापुढे कलमाचा अपवाद वाचून दाखवला जाणार हे दिसलं की कंपनीतल्या जाणत्या माणसाच्या हातात फाईल पहिल्यांदा जाते.

देऊ केलेली रक्कम 2,37,500 रुपये. बिल होतं 3,80,000 चं. नवरा लगेच सही करायला निघाला. मी थांबवलं आणि हिशेब मांडला.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. ताईंनी 8,000 ची खोली घेतली होती. अशा वेळी कंपनी नुसत्या भाड्यातला फरक कापत नाही. खोलीशी निगडित बाकीचे खर्चही त्याच प्रमाणात, इथे आठातले पाच भाग, धरते. भाडं आणि नर्सिंग 48,000 चं 30,000 झालं. सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटर मिळून 2,40,000 चे 1,50,000. इथपर्यंत नियमात बसतं, कितीही जड वाटलं तरी. पण कंपनीने औषधं आणि वापरून टाकायच्या साहित्याचे 80,000 देखील 50,000 केले होते आणि तपासण्यांचे 12,000 सुद्धा 7,500. नियामकाच्या व्याख्येप्रमाणे औषधं, साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्या या प्रमाणशीर कपातीत येत नाहीत. म्हणजे 34,500 रुपये चुकीचे कापलेले. एक पानी ईमेल गेला, सुधारित आकडा 2,72,000 आला.

व्याजाची मागणी सोडायची का, यावर घरात वाद झाला. सोनं तारण होतं, व्याज चढत होतं. अडून बसलो असतो तर सुनावणीपर्यंत गेलो असतो आणि लोकपालाला व्याज देण्याचा आदेश काढता येतो. ताईंनी तडजोड घेतली. त्यांना सोनं सोडवायचं होतं, विषय संपवायचा होता.

कव्हर वाढवण्याचा भाग

विषय मात्र संपला नाही, कारण पुनर्रचना एका ऑपरेशनने पुरी होत नाही. दुसरा स्तन नव्या स्तनाशी जुळवून घ्यायला लहान किंवा वर करावा लागतो. स्तनाग्र नंतर करतात. हाताच्या सुजेसाठी दाब देणारी बाही लागते आणि फिजिओथेरपी लागते. ज्यांना ऑपरेशन नकोच असतं त्यांना बाहेरून लावायचा सिलिकॉनचा स्तन लागतो, तो काही काळाने बदलावा लागतो. कलम आठमध्ये ‘कॅन्सरनंतरची पुनर्रचना’ एवढंच आहे. निरोगी स्तनावर केलेलं ऑपरेशन पुनर्रचनेत धरायचं की नाही, यावर कंपनी कधीही वाद घालू शकते. बाही आणि कृत्रिम स्तन तर बहुतेक वेळा ज्यांचे पैसे मिळत नाहीत अशा वस्तूंत जमा होतात. ताईंचा पोटाला बांधायचा पट्टासुद्धा असाच वगळला होता. पोटाचीच चरबी काढली होती, तरी.

अमेरिकेत 1998 साली यासाठी स्वतंत्र कायदा झाला. जी आरोग्य योजना स्तन काढण्याचा खर्च देते तिने पुनर्रचनेचे सगळे टप्पे, दुसऱ्या स्तनाची समरूपता, कृत्रिम स्तन आणि हाताच्या सुजेसकट सगळ्या गुंतागुंतींचे उपचार द्यावेत, असं तो सांगतो. आपल्याकडे इतकं तपशीलवार बंधन नाही. पण ग्रुप पॉलिसीत मालक आणि कंपनी मिळून जादा कलमं घालू शकतात. मी त्या कायद्याची यादी उचलली आणि त्यावरून मसुदा तयार केला.

पेच परत तोच: ताईंचं नाव न येता हे मागायचं कसं? नुसतं ‘स्तन पुनर्रचना’ म्हटलं असतं तर कारखान्यात हे कुणासाठी आहे ते ओळखायला अर्धा दिवस पुरला असता.

उत्तर कारखान्यातच होतं. तिथे बॉयलर आहे, डाईंग खातं आहे, उकळतं पाणी आणि वाफ आहे. भाजण्याचे अपघात कामगारांना ठाऊक आहेत. कलम आठच्या अपवादात अपघात, भाजणं आणि कॅन्सर तिन्ही शेजारी बसलेले आहेत. तेव्हा मागणी तिन्हींसाठी एकत्र केली: पुनर्रचनेचे सगळे टप्पे, ते वेगवेगळ्या पॉलिसी वर्षांत पडले तरी, दोन्ही बाजू जुळवण्याची शस्त्रक्रिया, बाहेरून लावायचे कृत्रिम अवयव, दाब देणारे कपडे, त्यासाठीची फिजिओथेरपी. भाजलेल्या जागेचा व्रण जाड होऊ नये म्हणूनही दाब देणारे कपडे वापरतात, त्यामुळे तो मुद्दा आपोआप दोघांचा झाला. डाईंग खात्यातल्या पुरुष कामगारांनी आधी सह्या केल्या, बायकांनी नंतर. ताईंची सही मधे कुठेतरी होती.

संचालकांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता: “एवढ्यासाठी सगळ्यांचा प्रीमियम का वाढवायचा?” ब्रोकरने दोन दरपत्रकं आणली, एक मर्यादेशिवाय, एक प्रत्येक बाबीला कमाल रक्कम घालून. दुसऱ्यातली वाढ बघून त्यांचा विरोध बराच निवळला. माझ्या मते मर्यादा घालण्याला लगेच हो म्हणणं हाच इथला योग्य निर्णय होता. मर्यादेशिवायच्या कलमासाठी हट्ट धरला असता तर हा विषय पुढच्या वर्षावर गेला असता.

निकाल

एप्रिलच्या नूतनीकरणात जादा कलम आलं. पुनर्रचनेचे टप्पे कितीही वर्षांत विभागले तरी मान्य. दुसऱ्या स्तनाची शस्त्रक्रिया मान्य, सर्जनच्या पत्रावर. कृत्रिम अवयव आणि दाबाचे कपडे वार्षिक मर्यादेत. फिजिओथेरपी फक्त भरती झाल्यानंतरच्या ठराविक काळात, म्हणजे हाताची सूज वर्षांनंतर उपटली तर उपयोग नाही. स्तनाग्राचं टॅटू कंपनीने साफ नाकारलं. खोलीभाड्याची मर्यादा तशीच राहिली. ती काढायचा खर्च कारखान्याला परवडणारा नव्हता.

ताईंनी दाबाची बाही या कलमातून घेतली. दुसऱ्या बाजूच्या ऑपरेशनचं त्यांनी अजून ठरवलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या ऑपरेशनच्या वेळी पुनर्रचनेचा विषयच निघाला नव्हता. रेडिएशन होणार होतं, त्यामुळे ती नंतर करणं वैद्यकीयदृष्ट्या योग्यच ठरलं असतं. पण पहिल्या डिस्चार्ज कार्डावर ‘पुनर्रचना उपचार संपल्यावर नियोजित’ अशी एक ओळ असती तर पुढच्या क्लेमला कॉस्मेटिक म्हणणं अवघड गेलं असतं. ही ओळ सर्जनकडून मागून घ्यावी.

प्री-ऑथ फॉर्म पाठवण्याआधी रुग्णाच्या माणसाने वाचावा. डेस्कवरचे लोक कुरकुरतात, तरी वाचावा. निदानाच्या रकान्यात आधी कॅन्सर, मग बाकी.

खोली. 8,000 ची खोली घेताना नवऱ्याला वाटलं, दिवसाचे 3,000 आपले जातील. गेले लाखावर. भरती होण्याआधी पॉलिसीतली मर्यादा बघितली असती तर 5,000 च्या आतली खोली घेता आली असती. पण ती बघणार कुठे? कारखान्यातल्या कुणाकडेच पॉलिसीच्या अटी नव्हत्या, सगळ्यांकडे मोबाईलवर ई-कार्डचा फोटो. अटींची पूर्ण प्रत एचआरकडून ईमेलवर मागता येते आणि मागण्याचं कारण सांगावं लागत नाही.

ताईंनी एचआरला दूर ठेवलं, त्याची किंमत गहाण सोन्याच्या व्याजात मोजली. पैशाच्या हिशेबाने तो तोट्याचा निर्णय होता. दुसऱ्या एखाद्या बाईने तो वेगळा घेतला तर तेही बरोबरच. मात्र तो निर्णय रुग्णाने घ्यावा. नवऱ्याने नाही, सल्लागारानेही नाही.

जादा कलम एका वर्षापुरतं आहे. येत्या एप्रिलमध्ये ब्रोकर दुसऱ्या कंपनीचा स्वस्त दर घेऊन आला तर ते नव्या पॉलिसीत आपोआप येणार नाही. मसुद्याची प्रत डाईंग खात्याच्या सुपरवायझरकडे आणि ताईंकडे, अशी दोन ठिकाणी ठेवली आहे. दरपत्रकं फेब्रुवारीत मागवली जातात, तेव्हाच ती ब्रोकरच्या हातात द्यायची असं ठरलं आहे.